नैनीचं पाकीट

यांच्या नजरेतला मधला भाग गेला आणि कडा राहिल्या. डॉक्टरांनी पडद्याचं चित्र दाखवून समजावलं होतं, पण मला ते खरं कळलं घरी आल्यावर. समोर ठेवलेला चहाचा कप यांना दिसायचा नाही, आणि त्याच वेळी खिडकीच्या कोपऱ्यात बसलेला कावळा दिसायचा. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे, कारण तसं बघितलं की माझा चेहरा त्यांच्या वाट्याला थोडा तरी यायचा. अधूनमधून पालघरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे आहे तेवढं टिकेल. गेलेलं परत येणार नव्हतं.

हे तारापूरच्या प्रकल्पात नोकरीला होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्तीनंतर वसाहतीतलं क्वार्टर सोडून आम्ही बोईसरला लहानसा फ्लॅट घेतला. सामान हलवताना भांडीकुंडी टेम्पोतून आली, पण यांचे तिकिटांचे अल्बम रिक्षातून, मांडीवर बसून आले. जुनी टपाल तिकिटं आणि विमानटपालाची जुनी पाकिटं, हा यांचा चाळीस वर्षांचा नाद. मला त्याचं कधीच वेड नव्हतं. माझ्याकडे त्यातली फक्त हमाली होती. समुद्राजवळच्या हवेत कागदाला पाणी सुटतं, तिकिटं एकमेकांना चिकटतात, पानांवर तांबूस डाग पडतात. ते होऊ नये म्हणून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुरचुंड्या मी कढईत भाजून परत कपाटात ठेवायचे. पावसाळ्यात तर आठवड्याला. लोकांच्या बायका रवा भाजायच्या, मी ते दाणे.

डोळ्यांचं नक्की झाल्यावर हे म्हणाले, "मी आहे तोवर सगळं विकून टाकू. नाहीतर नंतर तू रद्दीवाल्याला देशील."

"देईनच," मी म्हटलं. पुण्याला असलेल्या मुलीनेही फोनवर सांगून टाकलं होतं, की बाबा, मला यातलं काही कळत नाही, माझ्या गळ्यात घालू नका.

मुंबईचा एक व्यापारी यांच्या ओळखीचा होता. तो यायला तयार होता, पण त्याआधी काय काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला कळायला हवं होतं. नुसतं 'जुनी तिकिटं आहेत' म्हटलं तर तो बोईसरपर्यंत यायचा नाही. आणि यांना तर आता काही दिसत नव्हतं. म्हणजे बघायचं मी आणि सांगायचं ह्यांना. ओळखायचं ह्यांनी.

दुपारची जेवणं झाली की आम्ही बसायचो. पंखा बंद करावा लागायचा, नाहीतर तिकिटं उडाली असती. बोईसरच्या उन्हाळ्यात बंद पंख्याखाली, खिडक्या लावून, हातात चिमटा आणि भिंग घेऊन दोन म्हातारी माणसं. खिडकी उघडली तर औद्योगिक वसाहतीकडून कसला तरी उग्र वास यायचा, तो यांना चालायचा, पण वारा चालायचा नाही. घाम तिकिटावर पडू नये म्हणून मी कपाळाला पंचा बांधायचे. मासेवाली एकदा दारातून बघून म्हणाली, "बाय, तुमी दुपारची निजत नाय का?" मी म्हटलं, नाही निजत, हे कागद वाचायचे असतात. ती बराच वेळ बघत उभी राहिली आणि माझी कीव आल्यासारखी दोन बोंबील जास्त टाकून गेली.

सुरुवातीला माझं सांगणं यांच्या कामाचंच नव्हतं. मी म्हणायचे, हिरवं तिकीट आहे, राजाचं डोकं आहे. हे विचारायचे, कोणता हिरवा? मी म्हणायचे, हिरवा म्हणजे हिरवा. मग चिडचिड व्हायची. एकाच किमतीची तिकिटं वेगवेगळ्या वेळी छापली, की शाईत फरक पडतो आणि त्या फरकावरून एक तिकीट टोपलीभर मिळणारं ठरतं तर दुसरं जपून ठेवण्यासारखं. शेवटी आम्ही स्वयंपाकघरातले आणि वाडीतले रंग वापरायला लागलो. विड्याच्या पानाचा हिरवा वेगळा आणि शेवग्याच्या पाल्याचा वेगळा. वांग्याच्या सालीचा जांभळा आणि कोनफळाच्या आतला जांभळा. हे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "शेवगा? मग ते आधीचं आहे. बाजूला ठेव."

दाते मोजायला एक पट्टी होती, तिच्यावर तिकिटाची कड लावून बघायची. कागदातली खूण बघायला काळी बशी. तिकीट उलटं ठेवून वर पेट्रोलचे दोन थेंब टाकले, की कागदात लपलेल्या चांदण्या क्षणभर वर यायच्या आणि पेट्रोल उडालं की नाहीशा व्हायच्या. मला पूर्ण वर्षभराच्या कामात तेवढंच आवडलं. बाकी सगळा पाठ-मान मोडणारा धंदा. संध्याकाळी पोळ्या लाटताना माझ्या डोळ्यांपुढे लहान लहान राजे नाचायचे.

आणि बहुतेक सगळं बिनकिमतीचं निघायचं. ज्यांचं यांना अप्रूप होतं असं मला वाटायचं, ती नवं तिकीट निघतं त्या पहिल्या दिवसाच्या शिक्क्याची छापील पाकिटं, यांनी रांगेत उभं राहून वर्षानुवर्षं घेतलेली, त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. मी विचारलं, या पाकिटांचं काय? हे म्हणाले, "काही नाही. सगळ्यांनीच घेतली, सगळ्यांनीच जपली. ज्या वस्तूला सगळे जपतात तिला कोण विचारतो?" मी तो गठ्ठा दोरीने बांधला. वाईट यांच्यापेक्षा मलाच वाटलं, कारण त्या रांगांच्या दिवशी मुलीला शाळेतून आणायला मीच धावायचे.

विमानटपालाची पाकिटं यांनी शेवटी ठेवली होती. ती यांची खरी दौलत. अल्बम उघडायच्या आधी यांनी मला हात धुवायला लावले. ह्या पाकिटांचं गणित वेगळं होतं. तिकीट कोणतं याला फारसा अर्थ नाही. पाकीट खरोखर विमानातून गेलं का, कुठून कुठे गेलं, पोचल्याचा शिक्का मागे आहे का, हे बघायचं. कराचीहून मुंबईला आलेलं एक होतं, मद्रासला गेलेलं एक होतं. एक तर कोसळलेल्या विमानातलं, कडेने जळलेलं आणि तिकीट पाण्याने निघून गेलेलं. मला वाटलं, हे टाकायचं असेल. हे म्हणाले, तेच सगळ्यात आधी जाईल. चांगल्या पाकिटापेक्षा जळक्याला जास्त मागणी, हे ऐकून मला त्या दिवशी हसू आलं. फार दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

मग यांनी नैनीचं पाकीट मागितलं.

ते मला माहीत होतं. घरात ते माहीत नसलेलं कोणी नव्हतं. शंभरावर वर्षांपूर्वी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानातून एका विमानाने टपालाची थैली यमुनेपलीकडे नैनीला नेली. बैलगाडीनेही सहज गेली असती एवढंच अंतर. पण विमानाने रीतसर टपाल नेण्याची जगातली ती सुरुवात मानतात आणि त्या थैलीतल्या पत्रांवर एक खास गोल शिक्का मारलेला आहे, त्यात डोंगर आणि वर विमान. तसलं एक पाकीट आमच्याकडे होतं. हे तिकिटांचं सगळं ज्यांच्याकडून शिकले, त्या प्रकल्पातल्या एका वरिष्ठांनी ते यांना दिलं होतं. दिलं म्हणजे विकतच, पण यांच्या ऐपतीत बसेल असं, हप्त्याहप्त्याने. त्या वर्षी आम्ही फ्रीज घेणार होतो, तो घेतला नाही. वसाहतीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं तेव्हा ते पाकीट मधोमध असायचं आणि हे त्याच्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून उभे असायचे. ते वरिष्ठ आता नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, केळव्याला त्यांच्या वाडीत राहत होत्या.

मी पाकीट पारदर्शक पिशवीतून काढलं आणि नेहमीसारखं सांगायला लागले. कागद पिवळसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तिकीट दाढीवाल्या राजाचं, एका बाजूचे दोन दाते तुटलेले. शिक्का बिटाच्या पाण्याच्या रंगाचा. विमानाच्या पंखांच्या रेषा स्पष्ट. डोंगर तीन. हे मान डोलवत होते. हे सगळं त्यांना पाठ होतं, त्यांना फक्त ऐकायचं होतं.

"खालच्या बाजूला थोडी कसर लागली आहे," मी म्हटलं. कसर म्हणजे तो चंदेरी किडा, कागदाचा वरचा थर खातो आणि पन्हळीसारखा खड्डा करतो. "शिक्क्याच्या कडेला. पण शिक्क्याला काही झालेलं नाही, तो खड्ड्यातही नीट उतरला आहे."

यांची मान थांबली.

"काय म्हणालीस?"

"शिक्क्याची कड खड्ड्यातही आहे. उलट तिथे शाई जरा जास्तच पसरली आहे. टीपकागदावर पसरते तशी."

"खड्ड्याच्या काठावर की आत?"

मी भिंग लावून परत बघितलं. "आत. तळापर्यंत."

यांनी चाचपत अल्बम मिटला. मग म्हणाले, "पिशवीत घाल. आज बस झालं." मी घड्याळ बघितलं, आम्हाला बसून फार वेळ झाला नव्हता. मला बरंच वाटलं. पंखा लावला आणि फरशीवरच आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी हे बसले नाहीत. डोकं दुखतं म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, घाई काय आहे. आठवडा गेला. व्यापाऱ्याचा फोन आला तर तो मलाच घ्यायला लावला आणि सांग, तब्येत बरी नाही. मी चिडले. वर्षभर माझ्या दुपारी घेतल्या, आता थोडक्यासाठी अडलंय, ते उरकून टाकत नाहीत. मी जेवताना तसं बोलले. म्हटलं, मलाही पाठ आहे, मलाही डोळे आहेत, ते काय भाड्याने आणलेले नाहीत.

हे ताटातला भात चाचपत होते. म्हणाले, "ते नैनीचं पाकीट खोटं आहे."

मला काही समजलं नाही. मी विचारलं, कोण म्हणालं?

"तू म्हणालीस."

मग त्यांनी सांगितलं. कसर कोऱ्या पाकिटाला लागत नाही, ती लागायला पाकीट जुनं होऊन कुठेतरी पडून राहावं लागतं. शिक्का आधी मारलेला असता तर किड्याने कागदाबरोबर शाईही खाल्ली असती आणि खड्ड्यात पांढरं दिसलं असतं. खड्ड्यात शाई आहे म्हणजे खड्डा आधीचा, शिक्का नंतरचा. वरचा गुळगुळीत थर गेल्यामुळेच ती तिथे फुटली आहे. पाकीट खरं जुनं, तिकीट खरं जुनं, पण कोणीतरी वर्षानुवर्षांनी त्यावर बनावट शिक्का मारून ते नैनीचं केलं.

मी म्हटलं, पण तुम्ही तर इतकी वर्षं बघत होता. भिंगातून बघत होता.

"दुसऱ्याचं तपासायचं असतं," हे म्हणाले. "आपलं आपण नुसतं बघत बसतो."

त्या रात्रीपासून यांना दोन गोष्टींनी घेरलं. एक म्हणजे डहाणूचा एक माणूस. फार पूर्वी तो असंच एक पाकीट घेऊन आमच्या क्वार्टरवर आला होता आणि यांनी पाच मिनिटांत ते खोटं ठरवून त्याला परत पाठवला होता. त्याने चहाही घेतला नव्हता. हे म्हणायचे, त्याचं खोटं होतंच, पण मी किती मजेत सांगितलं. दुसरी गोष्ट जास्त जड होती. ज्यांनी पाकीट दिलं त्यांना हे माहीत होतं का? त्यांनी जाणूनबुजून यांच्या गळ्यात घातलं का? ज्यांनी चिमटा कसा धरायचा तेही शिकवलं, त्यांनी?

मी म्हणायचे, माणूस गेला, आता कशाला. हे हो म्हणायचे आणि पुन्हा तासाभराने तेच. रस्त्याने जाताना, औषध घेताना, आंघोळीचं पाणी काढून दिलं की दाराआडून. त्यांनी पावती का दिली नव्हती? भाव एवढा कमी का केला होता? मला ते सगळं ऐकून थकवा यायचा. माझ्या मते तो माणूस भला होता. मुलीला टायफॉइड झाला तेव्हा त्यांची गाडी आमच्या दाराशी उभी असायची. पण भला माणूस खोटं पाकीट विकूच शकत नाही असं मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं.

शेवटी हे म्हणाले, केळव्याला जाऊन येऊ. वहिनींना विचारू.

पालघरला डोळ्यांची नुसती तपासणी होती त्या दिवशी आम्ही तिथूनच पुढे एसटीने गेलो. डोळ्यात थेंब घातल्यामुळे यांना उजेड सोसत नव्हता, काळा चष्मा लावून ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. मी सगळी वाट एकच विचार करत होते, की हे त्या बाईंना कसं विचारणार. तुमच्या नवऱ्याने मला फसवलं का, असं? मी त्यांना दोनदा सांगितलं, जपून बोला. यांनी फक्त काठी दुसऱ्या हातात घेतली.

वहिनी अंगणात दोरीवर गाद्या वाळत घालत होत्या. वाडीतल्या मागच्या खोल्या त्या शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना देतात. पाहुणे समुद्रावरून वाळू घेऊन येतात आणि ओल्या अंगाने गाद्यांवर झोपतात, मग सोमवारी हे काम. आमच्यापेक्षा त्या सात-आठ वर्षांनी मोठ्या. मला बघून हसल्या, यांच्या काठीकडे बघून हसायच्या थांबल्या.

आम्ही पोफळींच्या सावलीत खुर्च्यांवर बसलो. नारळपाणी झालं, कोणाचं काय दुखतं ते झालं. पाहुण्यांचं सांगून झालं. ते रात्रभर गाणी लावतात आणि सकाळी नाश्त्याला पोहे नको म्हणतात. वहिनींचा मुलगा वसईला, वाडी विकायला मागे लागलेला. त्या बोलत होत्या आणि हे काठीची मूठ नुसती फिरवत होते. मला वाटलं, आता विचारतील. आता विचारतील. 

मग वहिनींनीच विषय काढला. म्हणाल्या, "भावजी, त्या पाकिटाला जपताय ना तुमी?"

हे म्हणाले, "कुठलं, वहिनी?"

"त्या इमानाचं. त्यांनी तुमाला दिल्यालं." त्या यांच्याकडे न बघता बोलत होत्या, पदराने खुर्चीचा हात पुसत. "शेवटी दवाखान्यात होते तवा पन तेच. मला म्हनाले, माझ्याकडं एकच खरी वस्तू होती, ती मी पोरांना नाय दिली, त्याला दिली. त्यालाच तिची किंमत हाय. तू जाऊन बघून ये, नीट ठेवलीय का. मला काय जमलं नाय यायला."

मी यांच्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे काही दिसत नव्हतं.  शेजारच्या वाडीत कोणीतरी झावळ्या ओढत होतं.

"नीट आहे, वहिनी," हे म्हणाले. "कपाटात आहे. ओल लागू देत नाही आम्ही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि उठून आम्हाला द्यायला सुपाऱ्या काढायला आत गेल्या.

परत येताना एसटी जवळजवळ रिकामी होती. यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत लावला. पालघर यायच्या जरा आधी म्हणाले, "त्यांच्याही गळ्यात कोणीतरी घातलं ते." मी हो म्हटलं. "फसवलं नाही त्यांनी मला." मी परत हो म्हटलं. त्यांच्या आवाजात हलकेपणा होता आणि त्याच वेळी त्यांना रडूही येत होतं. गुरू खोटा नव्हता, म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं. मरतानाही तो त्या पाकिटाचीच काळजी करत गेला. यातलं चांगलं काय आणि वाईट काय हे मला बसमध्ये बसून ठरवता आलं नाही आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त घरी जाऊन पाय सोडायचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्वतःहून बसले. उरलेलं काम आम्ही संपवलं.

व्यापारी आला तो सकाळीच, गाडीने. चाळिशीचा, बोलायला मऊ. त्याने टेबलावर स्वतःचा दिवा लावला, स्वतःचा चिमटा काढला आणि एकेक अल्बम बघत गेला. मी यादीत लिहिलेली वर्णनं त्याला बरोबर वाटली. मध्येच त्याने विचारलं, हा शेवग्याचा रंग काय आहे? हे म्हणाले, ती आमची भाषा आहे, पण बघ बरोबर आहे की नाही. त्याने दिव्याखाली धरून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाला. यांनी माझ्या कानाकडे बघितलं.

जळकं पाकीट त्याने हातात घेतलं ते सोडलंच नाही. कराचीचं, मद्रासचं, सगळं एकेक करून त्याच्या बाजूला गेलं. नैनीचं पाकीट यांनी आपल्या हाताशी वेगळं ठेवलं होतं. त्याने ते ओळखलं. म्हणाला, काका, हे तुमचं प्रसिद्ध पाकीट ना, याबद्दल मी ऐकलंय.

"ते खोटं आहे," हे म्हणाले. "कसरीच्या खड्ड्यात शाई आहे. बघ."

त्याने बघितलं. दिवा तिरका करून, उलटं करून, बराच वेळ. मग म्हणाला, काका, असेलही आणि नसेलही. बाकी शिक्का फार सुंदर आहे. मी खात्री न देता विकेन, घेणारा आपल्या जबाबदारीवर घेईल. असे घेणारे खूप असतात. तुमचं नुकसान कशाला? आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी यांच्या दंडाला हात लावला. मला सगळं संपवायचं होतं. पाकीट त्या गाडीत जावं, कपाट रिकामं व्हावं, आणि पुन्हा कोणी त्या शिक्क्याचं नाव माझ्यासमोर काढू नये. त्या क्षणी मला खरंखोटं यातलं काही सुचत नव्हतं.

हे म्हणाले, "अगं, पेन्सिल आण."

मी आणली.

"मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने लिही. शिक्का नंतरचा. नीट वाचता येईल असं."

व्यापारी म्हणाला, काका, एकदा लिहिलं की मग मला याचा उपयोग नाही. हे म्हणाले, म्हणूनच. मी पाकीट उलटं केलं आणि फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरात लिहिलं.  यांनी विचारलं, झालं? मी झालं म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, मी पाकीट त्यात ठेवलं. त्यांनी त्या शब्दांवरून अंगठा फिरवला. पेन्सिलचं अक्षर अंगठ्याला काय कळणार, पण फिरवला.

नंतर त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, की नवीन पोरांना खोटं कसं ओळखायचं ते शिकवायला तुमच्याकडे असली पाकिटं ठेवता का? तो म्हणाला, ठेवतो, एक फाईलच आहे. हे म्हणाले, मग हे तसंच घेऊन जा, काही देऊ नकोस. आणि कोणी विचारलं तर कुणाकडून आलं ते सांगू नकोस. मला कळलं, की हे केळव्यासाठी होतं.

गाडीत खोकी चढवेपर्यंत दुपार झाली. गाडी गेली तरी हे जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मग आत येऊन जेवले, नेहमीपेक्षा थोडं कमी, आणि लगेच झोपले. इतके गाढ झोपले, की घोरण्याचा आवाज बाहेरच्या खोलीत येत होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. व्यवहार नीट झाला का, बाबा कसे आहेत, त्यांना फार लागलं तर नाही ना, असं सगळं तिने विचारलं. मी सांगितलं, झोपलेत. नैनीच्या पाकिटाचंही सांगितलं. ती म्हणाली, आई, लहानपणी मी त्याला हात लावला म्हणून बाबांनी मला एकदाच मारलं होतं. मी म्हटलं, आठवतंय.

"आता तुला मोकळा वेळ मिळेल," ती म्हणाली. "काय करणार आहेस?"

आतून हे जागे होऊन मला हाक मारत होते. चष्मा कुठे ठेवला ते त्यांना सापडत नव्हतं.

"बघू," मी म्हटलं. "आज काही सुचत नाही." आणि फोन ठेवून आत गेले.